पाच शिलिंगांत शेत विकले गेले नव्हते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधील एका जमीनदार घराण्याच्या जुन्या खतांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख आवडीने वाचला. या विषयावर मराठीत कुणी मनापासून लिहिते याचा आनंद आहे, म्हणूनच त्यातल्या दोन विधानांची दुरुस्ती सुचवतो. अठराव्या शतकात या घराण्याने एक शेत ‘अवघ्या पाच शिलिंगांना’ दिले आणि दुसरी जमीन ‘१००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने’ घालवली, असे लेखात म्हटले आहे. हे आकडे खतांत खरोखर असतात. त्यांचा अर्थ मात्र तसा नसतो.

आधी पाच शिलिंग. १५३६ च्या कायद्याने साधे खरेदीखत सहा महिन्यांच्या आत सरकारी दप्तरात नोंदवणे बंधनकारक झाले आणि व्यवहार चारचौघांत उघड होऊ लागला. वकिलांनी त्यावर तोड काढली ती ‘लीज अँड रिलीज’ची. पहिल्या दिवशी विकणाऱ्याने घेणाऱ्याला जमीन एका वर्षाच्या पट्ट्याने द्यायची. मोबदला पाच शिलिंग, खंड मिऱ्याचा एक दाणा, तोही मागितला तर. कायद्याच्या नजरेत एवढ्याने घेणाऱ्याचा ताबा सिद्ध होई, शेतात पाऊलही टाकावे लागत नसे. दुसऱ्या दिवशी विकणारा आपला उरलेला हक्क दुसऱ्या खताने, म्हणजे ‘रिलीज’ने, सोडून देई. खरी किंमत असते ती या दुसऱ्या खतात. १८४१ पर्यंत इंग्लंडमधल्या बहुतेक जमिनी अशाच हात बदलत होत्या. पट्ट्याचे खत लहान, रिलीजचे मोठे, आणि लहान खत बहुधा मोठ्याच्या घडीत सरकवलेले असे. घडी उलगडताना दोन्ही वेगळी झाली की पाच शिलिंगांचे खत एकटे पडते आणि वाचणाऱ्याला फसवते. (रिलीजमध्येही नाममात्र रक्कमच दिसली, तर ती विक्री नसून विश्वस्तांकडे केलेले हस्तांतर असण्याचा संभव मोठा.)

आता १००० वर्षे. ५०० किंवा १००० वर्षांचा पट्टा दिसला की आधी गहाण आठवावे. कर्ज देणाऱ्याच्या नावे लांब मुदतीचा पट्टा लिहून द्यायचा आणि मुद्दल व्याजासह ठरल्या तारखेला, बहुधा सहा महिन्यांत, फेडले तर पट्टा रद्द, अशी अट घालायची. तारीख उलटली तरी व्याज मिळत असेपर्यंत सावकार सहसा गप्प राही आणि जमीन मूळ मालकच कसत वा कसायला देत राही. गंमत पुढेच आहे. तारीख उलटून कर्ज फिटले, तर हा पट्टा बहुधा मोडत नसत. तो एखाद्या विश्वस्ताच्या नावे करून जिवंत ठेवत, कारण पुढे कुणी न कळलेला बोजा घेऊन उभा राहिला तर जुना पट्टा त्याच्या आडवा घालता येई. म्हणून शंभर वर्षांनंतरच्या खतातही त्या जमिनीशी काडीचा संबंध नसलेल्या माणसांची नावे येतात. हा प्रकार १८४५ च्या कायद्याने थांबवला. धाकट्या मुलांचे वाटे उभे करण्यासाठी विवाहकरारात घातलेल्या पट्ट्यांच्या मुदतीही अशाच लांबलचक असत; तिथेही जमीन घराबाहेर गेलेली नसते.

तिसरा सापळा ‘फाइन’चा. ही खोट्या दाव्याची तडजोड: घेणारा वादी, विकणारा प्रतिवादी. एकाच चर्मपत्रावर मजकूर तीनदा लिहून नागमोडी कापत. दोन तुकडे पक्षकारांना, तळाचा न्यायालयाला. हे तळाचे तुकडे आज लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ही पद्धत १८३३ च्या कायद्याने बंद झाली. ‘२ घरे, २ बागा, १०० एकर शेत, ४० एकर गवताळ कुरण’ असे त्यात वाचून घराण्याची जमीन मोजू नये. काही सुटू नये म्हणून हे आकडे ढोबळ आणि सढळ हाताने लिहीत. किमतीही ठरीव साच्यातल्या. खरे क्षेत्र हवे तर इस्टेटीचा मोजणी नकाशा किंवा १८३६ च्या कायद्यानंतर तयार झालेला टाइथचा (चर्चला द्यायच्या दशांशाचा) नकाशा आणि त्याची यादी पाहावी. तिथे एकर, रूड आणि पर्च असतात: ४० पर्चचा एक रूड, ४ रूडांचा एक एकर.

तारखेचेही तसेच. समजा खतावर १० फेब्रुवारी, दुसऱ्या चार्ल्सचे १४ वे वर्ष, असे आहे. चार्ल्स गादीवर बसला १६६० मध्ये म्हणून तिथून मोजले तर १६७४ येते. पण त्याची राज्यवर्षे बापाच्या वधापासून, ३० जानेवारी १६४९ पासून मोजत. म्हणजे हे खत १६६२ चे. त्याच खतात सन मात्र १६६१ लिहिलेला सापडेल, कारण १७५२ पूर्वी तिथले कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. नोंद करताना दोन्ही लिहावेत: १६६१/२. नाहीतर वडिलांचे मृत्युपत्र आणि मुलाचे खत यांचा क्रम उलटा लागतो.

या सगळ्यावरून माझा आग्रह एकच: घराण्याचे कागद गठ्ठ्यातून सुटे करू नयेत. ग्लॉस्टरशरमधल्या बर्कली किल्ल्यात १२ व्या शतकापासूनची खते टिकली. सतराव्या शतकात तिथला कारभारी जॉन स्मिथ याला त्या घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास लिहिता आला तो हे कागद जागच्या जागी होते म्हणून. इतर असंख्य घराण्यांचे नशीब असे नव्हते. मालकी शाबीत करायला मागची किती वर्षे दाखवायची याची मर्यादा १८७४ मध्ये ६० वरून ४० वर आली, १९२५ च्या कायद्याने ३० वर, १९६९ मध्ये १५ वर. वकिलांच्या तळघरांतली पोतीच्या पोती एका फटक्यात निरुपयोगी ठरली. कित्येक चर्मपत्रे दिव्यांच्या शेड करायला गेली. १९३२ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश रेकॉर्ड्‌स असोसिएशनने पुष्कळ वाचवली. मॅनर कोर्टाच्या (जमीनदाराच्या स्थानिक न्यायसभेच्या) गुंडाळ्यांना आणि नोंदवह्यांना कायद्याचे संरक्षण आहे, त्यांची १९२६ पासून स्वतंत्र नोंदही ठेवली जाते. खरेदीखते, गहाणखते, विवाहकरार यांना तसे कवच नाही, म्हणून ती एकेक करून विकली जातात.

विक्रेता फोटो टाकतो तो पुढच्या बाजूचा, कारण खताच्या सुरुवातीचे मोठे कोरीव ‘धिस इंडेंचर’ (हे खत) हे शब्द आणि लाल मेण देखणे दिसते. कामाची बरीच माहिती पाठीवर असते: पैसे मिळाल्याची पावती, साक्षीदारांच्या सह्या, कारभाऱ्याने घडीवर लिहिलेला गोषवारा आणि गठ्ठ्याचा क्रमांक. त्या क्रमांकावरूनच विखुरलेली खते पुन्हा एकत्र लावता येतात. भिंतीवर टांगण्यासाठी पाठीला डिंक लावला की हे सगळे कायमचे गेले. घडी मोडायला इस्त्री फिरवणे तर त्याहून वाईट. चर्मपत्र म्हणजे कातडेच. ओल आणि उष्णता एकत्र मिळाली की ते आकसते, कडक होते, आणि मग कुणालाच ते पूर्ववत करता येत नाही. हात धुऊन कोरडे करावेत, हातमोजे नकोत, कारण बोटांची जाण जाऊन कडा फाटतात. कडेला मऊ वजने, टिपणाला शिसपेन्सिल, आणि मेणाच्या मुद्रेखाली आधार. ती नुसती लोंबकळू देऊ नये.

लेखातल्या पाच शिलिंगांच्या खताची पाठ लेखकाने पुन्हा पाहावी अशी विनंती आहे. तिथे गठ्ठ्याचा क्रमांक असेल, तर त्या परगण्याच्या अभिलेखागाराच्या सूचीत त्याच क्रमांकाखाली, एक दिवस पुढच्या तारखेचे मोठे खत शोधावे. शेताची खरी किंमत त्यात मिळेल.

आपला,
एक अभिलेख अभ्यासक