आई, कपाट पक्कं बसवलंय

कोबे (जपान), रविवार

ती. आई, बाबा आणि आजी,
शि. सा. न.

आई फोनवर रोज विचारते, "तिकडे सगळं सेफ आहे ना गं?" मी "हो गं" म्हणते आणि विषय जेवणावर नेते. पण गेल्या आठवड्यात बाबांना तो फोन आला, तेव्हा वाटलं की एकदा बसून सविस्तर लिहावं. दादा प्रिंट काढून देईल. आजीला मोठ्यानं वाचून दाखवा, आणि मधलं काही गाळू नका. तिला सगळं कळतं.

आधी त्या फोनचंच. "तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे, पैसे भरा म्हणजे सोडतो" म्हणणारा माणूस व्हिडिओवर वर्दीत दिसला तरी तो पोलीस नव्हे. जपानचे पोलीस दादरला फोन लावून हिंदीत पैसे मागत नाहीत. "डिजिटल अरेस्ट" हा प्रकार आपल्याकडच्या कायद्यातही कुठे नाही. बाबा, तुम्ही फोन कट करून मला लावलात हे उत्तम केलंत. पण मी बांधकामाच्या साइटवर असले की माझा फोन बॅगेत असतो, आणि मी उचलला नाही तर तेवढ्या वेळात आईचं काय होईल ते मला माहीत आहे. म्हणून घरातला एक शब्द ठरवूया: आजीच्या माहेरच्या म्हशीचं नाव. ते आपल्या पाच जणांशिवाय कुणाला ठाऊक नाही आणि मी ते इथेही लिहीत नाही. माझा आवाज ऐकू आला, रडताना आला, तरी आधी ते नाव विचारायचं. हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते. आणि समजा कुणाच्याही हातून पैसे गेलेच, तर लाज धरून बसू नका, त्याच मिनिटाला १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आता इथलं. आई, तुला धास्ती वाटते ती रात्रीच्या रस्त्यांची आणि अनोळखी माणसांची. मी रात्री दहाला सामानाची पिशवी घेऊन एकटी चालत घरी येते आणि वाटेत कोपऱ्यावर पोलिसांची छोटी चौकी लागते, तिला इथे कोबान म्हणतात. हरवलेलं पाकीटसुद्धा लोक तिथे नेऊन देतात. म्हणून इथे सगळे देवमाणसं आहेत असं समजू नकोस. भरलेल्या गाडीत अंगचटीला येणारे इथेही आहेत, तेव्हाच तर बायकांचे वेगळे डबे ठेवावे लागतात आणि प्लॅटफॉर्मवर त्यांची जागा गुलाबी रंगानं दाखवावी लागते. विरार लोकलला लटकून कॉलेज केलेल्या मुलीला त्यासाठी वेगळं ट्रेनिंग लागलं नाही.

मी जपते ती जमिनीपासून. या गावात १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला, ७.३ रिश्टरच्या घरातला. ६,४३४ माणसं गेली. त्यातली बहुतेक घरातच, अंथरुणात, पडलेल्या घराखाली नाहीतर कपाटाखाली दबून. जुन्या लाकडी घरांवर जड कौलं होती. वर वजन आणि खाली आधार कच्चा.

आजी, तुला हे वेगळं सांगायला नको. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंपही पहाटे चारच्या आसपासचा, गणपती पोचवून लोक नुकते झोपले होते. दगडमातीच्या हातहात जाड भिंती आणि वर माळवदाची माती. "उन्हाळ्यात जे घर गार ठेवायचं तेच अंगावर आलं," असं तू म्हणायचीस. लहानपणी ते मला गोष्टीसारखं वाटायचं. आता ऑफिसात रोज इमारतींची हीच गणितं करते, तेव्हा तुझं वाक्य डोक्यात असतं.

बंदरावरच्या मेरिकेन पार्कात त्यांनी धक्क्याचा एक तुकडा तसाच मोडलेला ठेवलाय. फरशीचे दगड खचून पाण्यात गेलेत आणि दिव्याचे खांब तिरके उभे आहेत. शेजारी लोक आइस्क्रीम खात फिरतात. मला ते आवडलं. आपण असं काही झालं की चार दिवसांत डांबर टाकून सपाट करतो.

खोली बघायला गेले तेव्हा भाड्याच्या आधी इमारतीचं साल विचारलं. १ जून १९८१ पासून इथे बांधकामाचे नवे भूकंप-नियम आले, आणि त्यानंतरच्या इमारती १९९५ मध्ये जुन्यांपेक्षा कितीतरी चांगल्या टिकल्या. माझी त्यानंतरची आहे. एजंटला प्रश्नाचं जराही नवल वाटलं नाही, त्यानं कागदच पुढे केला. खोलीत एक उंच कपाट होतं. ते आता पलंगावर पडणार नाही अशा भिंतीला सरकवलंय. कपाटाचा माथा आणि छत यांच्यामध्ये दोन लोखंडी दांडे बसवलेत. जॅकसारखे फिरवत नेले की दोन्हीकडून घट्ट दाबून धरतात, भिंतीला भोक पाडावं लागत नाही, त्यामुळे घरमालकही खूश. पलंगाच्या पायाला पिशवीत बूट बांधून ठेवलेत, कारण रात्री काच फुटली तर अनवाणी दारापर्यंत पोचता येत नाही. दाराशी एक सॅक आहे. पाणी, टॉर्च, शिट्टी, पॉवर बँक, थोडी रोकड आणि पासपोर्टची झेरॉक्स. त्यात आईनं दिलेला चिवडाही होता, तो भूकंपाची वाट न बघता संपला.

एकदा ऑफिसात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळायला लागले. धक्का बसायच्या काही सेकंद आधी इथे सरकारी इशारा येतो. जिन्याकडे कुणीही पळालं नाही, सगळे मुकाट टेबलाखाली गेले. शेजारच्या टेबलाखालून आमच्या साहेबांनी मला खुणेनं दाखवलं, टेबलाचा पाय धर. हलणं किरकोळच होतं, पण ती शिस्त बघून मला धीर आला. मोठा धक्का बसला तर गॅसचा मीटर आपोआप बंद होतो, त्यामुळे ती काळजी नको. समुद्राकडून धोका असेल तर डोंगराच्या दिशेनं चालत सुटायचं. कोबेत ते सोपं आहे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला रोक्को डोंगर. जमायची शाळा कोणती तेही मी चालत जाऊन बघून आलेय.

आता तुमचं काम. टीव्हीवर "जपान हादरलं" अशी पट्टी आली की आधी गाव बघा. दूर उत्तरेला होक्काइदोत हललं तर कोबेत आमच्या कपातला चहासुद्धा हलत नाही. कोबेच असेल तर मला फोन लावत बसू नका. अशा वेळी लाइन तुंबतात आणि माझी बॅटरी संपते. मी फक्त पुण्याच्या आत्याला एक मेसेज टाकेन, तुम्ही सगळ्यांनी तिलाच विचारायचं. इथे १७१ नंबरवर आपला निरोप रेकॉर्ड करून ठेवायची सोय आहे, इंटरनेटवरही आहे. ती दादाला दाखवून ठेवीन. ओसाकातल्या आपल्या वकिलातीचा नंबर फ्रिजवर लावा, पण तो शेवटचा उपाय, पहिला नव्हे.

बाकी किरकोळ. इथे पोलिसांसाठी ११० आणि अँब्युलन्स-आगीसाठी ११९. माझा पत्ता जपानीत लिहून फोनच्या कव्हरमागे ठेवलाय, कारण घाबरल्यावर तो तोंडातून येणार नाही. रहिवासाचं कार्ड कायम जवळ असतं, इथे ते सक्तीचंच आहे. सरकारी आरोग्य विमा काढला, डॉक्टरच्या बिलातला ३० टक्के भाग तेवढा आपला. सायकल चालवताना फोन हातात धरला तर नोव्हेंबर २०२४ पासून थेट शिक्षा आहे, तेव्हा मी सायकलवर असताना उचलला नाही तर रुसू नका.

आई, सर्दी-खोकल्याच्या गोळ्या आणि कफ सिरप पार्सलमध्ये घालू नकोस. आपल्याकडे केमिस्ट सहज देतो अशा काही औषधांतलं स्यूडोएफेड्रिन नाहीतर कोडीन ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलं तर इथे चालत नाही, आणि कस्टममध्ये पार्सल माझ्या नावावर असतं. तुला हवा तेवढा ओवा पाठव म्हणाले असते, पण तोही आधी विचारून सांगते.

आणखी एक, दादा, हे तुझ्यासाठी, कारण तुझा मित्र इकडे यायचं म्हणतोय. मायदेशी परतणाऱ्या पोरांना "तुझं बँक खातं आणि एटीएम कार्ड आम्हाला विक" म्हणणारे सोशल मीडियावर भेटतात. तो इथे सरळ गुन्हा आहे. ते खातं पुढे कुणाला तरी लुबाडायला वापरतात, बाबांना आला तसलेच फोन करून. त्याला नीट समजावून सांग.

आता आपल्या घराचं. आम्हाला शिकवलेल्या नकाशात मुंबई भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे, आणि १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा धक्का मुंबईपर्यंत जाणवला होता. तरी आजीच्या उशाशी गोदरेजचं कपाट, त्यावर दोन बॅगा आणि बॅगांवर गणपतीचं मखर. बाबा, येत्या रविवारी दादाला हाताशी घ्या. बॅगा माळ्यावर जाऊ द्या, मखर आत्याकडे, आणि पलंग खिडकीच्या बाजूला फिरवा, पण काचेला अगदी खेटून नको. आजी कुरकुर करेल की तिथून देव्हारा दिसत नाही. तर देव्हाराही सरकवा. झालं की फोटो पाठवा.

तुमची,
चिमी