आधी नोंदवही, मग काचेची कपाटे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पुण्याच्या शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले की आपल्या गावातही असे काही असावे, असे अनेकांना वाटते. ते रास्तच आहे. डॉ. केळकरांनी १९२०च्या सुमारास सुरू केलेला संग्रह १९७५मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला. दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरातल्याच वस्तूंनी तो नावारूपाला आला. पण तालुक्याच्या गावी संग्रहालय काढायचे ठरले की पहिला पैसा कपाटांवर खर्च होतो. लोकांनी दिलेल्या वस्तू मागच्या खोलीत साठतात आणि वर्षभरात कोणती वस्तू कुणाकडची, हे सांगणारे कुणी उरत नाही.

वस्तू हातात येईल त्याच दिवशी तिला क्रमांक पडला पाहिजे. २०२५.१४.३ म्हणजे त्या वर्षीच्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. धातू किंवा लाकडावर पॅरालॉइड बी-७२ (एक पारदर्शक ॲक्रिलिक राळ) ॲसिटोनमध्ये विरघळवून नखाएवढा पट्टा द्यावा, तो वाळल्यावर वर बारीक काळ्या शाईने क्रमांक घालावा आणि त्यावर त्याच द्रावणाचा आणखी एक हात द्यावा. पुढे काढायचा झाला तर ॲसिटोनने निघतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून दोन टाके घालावेत, कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने लिहावे. स्टिकर नकोत. पावसाळ्यात ते सुटतात आणि गोंदाचा डाग मात्र राहतो. नोंदवही बांधीव, पृष्ठांक घातलेली असावी, तिची प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी. देणाऱ्याची सही असलेले दानपत्र घ्यावेच. नाहीतर पुढची पिढी वस्तू परत मागायला येते.

नोंदीत काय लिहायचे? 'धान्याचे जुने माप' एवढे लिहून काहीच कळत नाही. पायली सगळीकडे सारखी नव्हती. म्हणून माप कोणत्या गावचे, कुणाच्या दुकानातले, त्यात काय मोजत, हे विचारून घ्यावे. काठावर सरकारी छाप आहे का ते पाहावे. मोहरी सपाट भरून ती लिटरच्या मापाने मोजावी आणि आकडा लिहून ठेवावा.

सर्वांत मोठे नुकसान मात्र उत्साहाने होते. उद्घाटनाआधी पितळ-तांब्याची भांडी चिंचेने घासतात, नाहीतर पॉलिशवाल्याकडे यंत्रावर देतात. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेल्या ओळीत देणाऱ्याचे नाव, नाते, लग्न की मुंज, कधी शकही असतो (शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन मिळतो). भांड्याचा सगळा दाखला त्या एका ओळीत असतो आणि बफिंगच्या चाकाखाली ती पुसली जाते. मऊ ब्रशने धूळ झाडणे पुरे. तांब्या-पितळेवर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्षारांचा रोग आहे. ती वस्तू वेगळी काढून कोरड्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवावी आणि जाणकाराला दाखवावी.

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहू लागली की पोथ्यांवर आणि कापडावर बुरशी धरते. कपाटे ओल येणाऱ्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्यावीत. पैठणीची घडी करू नये, घडीवर जरीची तार तुटते. सुती कापड गुंडाळलेल्या नळीवर ती गुंडाळावी. पोथीच्या फाटक्या पानाला सेलोटेप तर कधीच लावू नये.

कायद्याचेही भान हवे. दगडी मूर्ती किंवा सचित्र पोथी शंभर वर्षांहून जुनी असेल, तर १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी झाली आहे का, हे देणाऱ्याला आधी विचारावे. शेतात सापडलेली नाणी परस्पर ठेवून घेऊ नयेत. १८७८च्या कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.

नगरपरिषदांना आणि अनुदान देणाऱ्यांना विनंती, की पहिला हप्ता नोंदवही, छायाचित्रे आणि ते काम करणाऱ्या एका प्रशिक्षित माणसाच्या पगारासाठीच द्यावा. प्रत्येक वस्तूची नोंद आणि दानपत्र तपासल्याशिवाय कपाटांचा हप्ता सोडू नये.

एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे