राधिकाच्या मिरच्या खुडल्या कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत मराठी मालिकांमधल्या नायिकांवर लेख वाचला. 'तुझ्यात जीव रंगला'मधल्या अंजलीबाई, 'लागिरं झालं जी'मधली शीतल, सगळ्यांवर भरभरून लिहिलं आहे. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या राधिका सुभेदारला मात्र "नवऱ्याला धडा शिकवणारी सोशिक गृहिणी" एवढ्या एका ओळीत उरकलं. ती ओळ मला पटली नाही, म्हणून हे पत्र.

मी केळापूर तालुक्यातल्या एका गावात राहते. महिला बचत गटाची सचिव आहे. आमचा गट तिखट, हळद आणि काळा मसाला करून विकतो. २०१६ साली ही मालिका सुरू झाली तेव्हा रात्री आठ वाजता आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे जात नव्हतं. गटाची बैठकही आम्ही सातलाच उरकायचो.

पहिलं कारण अर्थातच बोली. राधिका नागपूरची. नायिका पडद्यावर "काहून" म्हणते, "बाप्पा" म्हणते आणि तरी ती विनोदापुरती आणलेली मोलकरीण नाही, घरची मालकीण आहे, हे आम्हांला नवं होतं. कोल्हापूर, सातारा, कोकण मालिकांमध्ये कितीदा तरी आलं. आमच्याकडचा माणूस टीव्हीवर दिसतो तो बहुतेक बातमीत, आणि कोणत्या बातमीत ते सांगायला नको. राधिकाची बोली नागपूरकडची. आमच्याकडची थोडी निराळी, इथे बाजूला तेलंगणा लागतो, गावात कोलामी बोलणारी घरं आहेत. पण परकी ती कधीच वाटली नाही.

राधिकाचा नवरा गुरुनाथ तिला सोडून शनाया नावाच्या पोरीच्या मागे लागतो ते शनाया दिसायला चांगली म्हणून, असं सगळे म्हणतात. मला तसं वाटत नाही. त्याला राधिकाची लाज वाटते. तिचं बोलणं, चारचौघांत मोकळेपणानं हसणं, आल्या-गेल्याला बळेच जेवायला बसवणं, ह्या सगळ्याची ऑफिसच्या लोकांसमोर त्याला लाज वाटते. शिकून मुंबई-पुण्याला नोकरीला लागलेली आणि गावी आल्यावर आईला "असं नको बोलू ना" म्हणून दटावणारी पोरं आमच्या गावानं पाहिली आहेत. त्यांच्यातलाच एक मोठा झाला की गुरुनाथ होतो. अशा माणसाची गोष्ट सांगायला लेखकाला हिंमत लागते आणि सुरुवातीला ती होती. पुढे त्यांनी सगळं पाप शनायाच्या माथी मारलं. ती उधळी, ती लोभी, ती मूर्ख. आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील, शनाया करणारी नटी बदलली, पण तिच्या पदरात कधी एक समजूतदार वाक्य पडलं नाही. तिला जितकी वाईट दाखवली, तितका गुरुनाथ सुटत गेला. फसवणारा बाप्या बिचारा आणि भुलवणारी बाई दोषी, हा न्याय गावात आम्ही रोज ऐकतो. तोच पुन्हा टीव्हीवर नको होता.

त्या मालिकेत मला सर्वांत आवडले ते राधिकाचे सासू-सासरे. मुलगा चुकला हे कळल्यावर ते सुनेच्या बाजूनं उभे राहिले. आमच्याकडे नवऱ्यानं टाकलेली बाई माहेरी येऊन भावजयीच्या तोंडाकडे पाहत दिवस काढते. सासरचं कुणी तिच्या पोराच्या शाळेची चौकशीसुद्धा करत नाही. आमच्या गटात अशा बायका आहेत. सासरे सुनेच्या बाजूनं बोलायचे तेव्हा त्या काही बोलायच्या नाहीत, पण उठून जायच्याही नाहीत. पुढे राधिकानं घटस्फोट घेतला आणि सौमित्रशी लग्न केलं, तेव्हा गावात वाद झाले. पोर असलेल्या बाईनं दुसरं लग्न करावं का, यावर पारावर बाप्ये आणि हापशीवर बायका भांडल्या. ते भांडण व्हायलाच पाहिजे होतं. असं पाऊल उचलणाऱ्या बाईला तुमच्या लेखानं सोशिक म्हणावं, याचंच वाईट वाटलं.

आता मसाल्याकडे येते, माझं खरं म्हणणं तिथेच आहे. नवऱ्याच्या पैशावर अवलंबून असलेली बाई कॉलनीतल्या बायकांना सोबत घेऊन मसाले करते, विकते, नाव कमावते. आमच्यासारख्यांना ह्याहून जवळची गोष्ट कोणती असणार? मसाल्याची पहिली ऑर्डर आली तेव्हा आमच्या गटातल्या बायका टीव्हीसमोर सरकून बसल्या होत्या. आणि मग आमच्यातल्या सगळ्यांत वयस्क मावशी म्हणाल्या, "पन एवढ्या मिरच्या खुडल्या कोनं वं? दाखवतच नाई थे."

मावशींचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. मिरचीचं काम ज्यानं केलं त्यालाच कळतं. चैत्रात मिरची आणायची. कुणी भिवापुरी मागतं, कुणाला गुंटूरची तेजा पाहिजे, तिखटपणा आणि रंग दोन्ही एकाच मिरचीत मिळत नाही म्हणून दोन-तीन जाती मिसळाव्या लागतात. कडक उन्हात वाळवायची, मग देठ खुडायचे. दिवसभर खुडल्यावर हाताची इतकी आग होते की रात्री तेल चोळूनही झोप येत नाही, आणि अंगावर पिणारं लेकरू असेल तर त्या बाईला ह्या कामावर घेताच येत नाही. मिरची जराशी ओली राहिली तर तिखटाला जाळं धरतं आणि अख्खा घाणा वाया जातो. धने, दगडफूल, खसखस, शहाजिरं प्रत्येकाचं भाजणं वेगळं. सगळं तयार करून कांडपयंत्रावर न्यावं तर नेमकी लाईन जाते. माल झाला की पाकीट, पाकिटावर वजन, तारीख, किंमत, अन्न परवान्याचा नंबर. त्यानंतर खरी लढाई सुरू होते ती उधारीची. दुकानदार माल ठेवून घेतो, "विकला की देतो" म्हणतो, आणि पैसे मागायला गेलं की "पुढच्या बाजारी या". तालुक्याच्या एका दुकानदारानं उन्हाळ्यात घेतलेल्या मालाचे पैसे आम्हांला दिवाळी उलटल्यावर दिले, तेही फुटलेल्या पाकिटांचे कापून. तोवर गटातून उचललेल्या कर्जाचं व्याज आम्ही खिशातून भरलं.

ह्यात गोष्ट नाही? ह्यात भांडण नाही, फसवणूक नाही, "उद्या काय होईल" नाही? मी पाहिलेल्या भागांमध्ये राधिकाचा धंदा मात्र बघता बघता वाढला, ती साहेबीण झाली, काचेच्या ऑफिसात बसली, आणि मसाला कंपनीच्या नावापुरता उरला. तिच्याजवळ बसून काम करणाऱ्या बायकांना मजुरी काय मिळते, त्यांच्यात कधी कटकट होते का, कुणाचा नवरा आठवड्याचे पैसे हिसकावतो का, यातलं काही आलं नाही. त्याऐवजी शनायाचा नवा डाव, गुरुनाथची नवी फजिती, पुन्हा डाव, पुन्हा फजिती. २०२१च्या मार्चपर्यंत मालिका चालली. शेवटची दोन वर्षं आमच्या गल्लीतल्या बायका सवयीनं पाहत होत्या. रोज भाग द्यायचा म्हणजे लेखकांची ओढाताण होत असणार, दर आठवड्याला टीआरपीचे आकडे येतात आणि कथा त्यांच्यामागे वळते, हे समजतं. पण गोष्ट वाढवायलाच पाहिजे होती तर मिरचीच्या बाजूनं वाढवायची. रोज एक भाग पुरला असता इतकं तिथे घडतं.

अनिता दाते यांनी राधिका मनापासून केली, त्याबद्दल आमच्याकडून त्यांना धन्यवाद. त्यांच्या कामात कुठे खोट नव्हती.

विदर्भातली पुढची नायिका कोण असावी, हेही सांगून टाकते. आमच्याकडे शेतकऱ्यानं आत्महत्या केली की सरकारी मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ते ठरतं. जमीन त्याच्या किंवा घरातल्या कुणाच्या नावावर होती का, कर्ज होतं का आणि कुणाचं, नापिकी होती का, हे पाहिलं जातं. कर्ज गावातल्या सावकाराचं तोंडी असलं की कागद अडतो. पात्र ठरलं तर एक लाख रुपये, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. त्यानंतर ती बाई काय करते, हे बातमीत येत नाही. ती फेरफारासाठी तलाठ्याकडे खेपा घालते. दिरानं शेत पेरायला घेतलं तर हिस्सा मागते आणि घरात वाईट होते. दुबार पेरणीसाठी बियाणं उधार आणते, बोंडअळीनं पोखरलेली बोंडं बाजूला काढत दुसऱ्याच्या वावरात किलोच्या भावानं कापूस वेचते, पोरीला तालुक्याच्या शाळेत पाठवते. अशी बाई आठ वाजता रडताना दाखवू नका. तिला भांडताना, हिशेब करताना, खोटं बोलताना, चिडताना, एखाद्या सणाला नवं लुगडं घेताना दाखवा. तिला एखादा माणूस आवडला तर तेही दाखवा.

आपल्या पुरवणीत वाहिन्यांच्या लेखकांच्या मुलाखती येतात, म्हणून हे आपल्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचावं अशी विनंती आहे. त्यांना इकडे यायचं असेल तर कापूस पाहायला दिवाळीनंतर यावं, वेचणी तेव्हा जोरात असते. मिरची पाहायची तर चैत्र-वैशाखात. राहण्याची सोय आमच्या गटातल्या घरी होईल. फक्त कांडपाच्या दिवशी येणार असाल तर तोंडाला बांधायला रुमाल घेऊन या.

आपली नम्र,
एक वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ