विनूला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेण्याविषयी

पुणे, रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांस शिरसाष्टांग नमस्कार.

गुरुवारी फोनवर बाबा काकांच्या विनूबद्दल बोलता बोलता थांबले आणि आईने फोन घेऊन विषय कापसाच्या भावावर नेला, तेव्हाच हे सविस्तर लिहून कळवायचे मी ठरवले. डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा दुसऱ्यांदा निकाल लागल्यापासून तो जेवायला उठत नाही, रात्र रात्र ओट्यावर बसून असतो, आणि परवा काकूला म्हणाला की 'मी नसतो तर तुमचा एवढा खर्च वाचला असता'. काका याला टेन्शन म्हणतात. मला मात्र हे दुखणे वाटते, आणि ते अंगावर काढण्याजोगे नाही.

तुमच्यापासून बारा वर्षे लपवलेली एक गोष्ट आधी सांगते. 2013 च्या दिवाळीला परीक्षेचे निमित्त सांगून मी गावी आले नाही, तेव्हा सदाशिव पेठेतल्या कॉटबेसिसच्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून दिवसचे दिवस पडून होते आणि आईने पाठवलेला फराळाचा डबा आठ दिवस उघडलाही नव्हता. शेजारच्या कॉटवरच्या मुलीची मावशी मानसोपचारतज्ज्ञ होती. त्यांचा दवाखाना चालत वीस मिनिटांवर होता आणि पहिले तीन महिने त्यांनी माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. मी सावरले ते मन खंबीर होते म्हणून नव्हे, तर ती कॉट माझ्या शेजारी होती म्हणून. विनूच्या शेजारी तशी कोणाची मावशी नाही, आणि आम्हा दोघांत मला दिसणारा फरक तेवढाच आहे.

असा फरक लाखो घरांत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशभरात 13,044 विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदवल्या आहेत आणि त्यांत 1,764, म्हणजे सर्वांत जास्त, आपल्या महाराष्ट्रातल्या आहेत. पण त्याच अहवालात एकूण 1,70,924 मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहून अधिक माणसे रोजंदारीवर जगणारी होती, याची चर्चा क्वचितच होते. राजस्थानातल्या कोटा शहराच्या शिकवणीतले पोर गेले तर ते निदान पहिल्या पानावर येते. विटभट्टीवरचे गेले तर आतल्या पानावर दोन ओळी. उपचारांचेही तसेच आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत असे दिसले की मनाच्या निरनिराळ्या आजारांत 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. एक लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत.

बाबा म्हणतील की सरकारी दवाखाना तर फुकट आहे. खरे आहे, 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरलाही पैसे पडत नाहीत. पण सातची एसटी चुकली की ओपीडीची वेळ गेली, विनूबरोबर काका गेले की त्यांची दिवसाची मजुरी गेली, आणि गोळ्या संपल्या की पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. हे माझ्या वाट्याला आले असते तर मीही तिसऱ्या खेपेला गेले नसते. लोकांना इलाज नकोच असतो, हे मात्र मला मान्य नाही. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत 'विश्राम' नावाच्या उपक्रमात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन बोलायला सुरुवात केली, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले.

शिवाय निकाल चांगला लागला असता तर विनू सुटला असता, असेही नाही. जळगावकडच्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांनी 2019 मध्ये मुंबईत आत्महत्या केली, वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. ती बातमी वाचून बाबांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला होता, ते मला आठवते. पायल यांची आई आणि हैदराबादच्या विद्यापीठात असाच जीव दिलेल्या रोहित वेमुलाची आई या दोघींनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डॉक्टर होऊनही आपल्यासारख्यांच्या पोरांना जे सोसावे लागते, त्याचा हिशेब काकांच्या 'एकदा नंबर लागू दे' या वाक्यात नसतो.

आता काय करायचे ते लिहिते. त्याला एकट्याला गाठून आईने सरळ विचारावे की जीव नकोसा वाटतो का. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट होते. फवारणीची औषधे काकांनी आजच घरातून हलवून कुलपात ठेवावीत आणि किल्ली आपल्याकडे द्यावी. 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. तो भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. पोलीस केस होईल ही काकांची भीती मनातून काढा: 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्या माणसाला गुन्हेगार न मानता तो तीव्र तणावाखाली आहे असेच धरायला सांगितले आहे. बुवाकडे न्यायचा हट्ट काकूने धरलाच तर वाद घालू नका. दवाखान्यात जाऊन आल्यावर खुशाल न्या म्हणावे.

मी मंगळवारच्या रात्रीच्या गाडीने निघते आणि बुधवारी सकाळी परस्पर जिल्ह्याच्या स्टँडवर उतरते. बाबांनी विनूला घेऊन सातच्या एसटीने यावे आणि त्याचे आधार कार्ड बरोबर घ्यावे. ओपीडीच्या रांगेत त्याच्याजवळ मी बसेन, म्हणजे काकांची वेचणी बुडणार नाही. तोवर त्याला ओट्यावर रात्री एकटे बसू देऊ नका. बाबांना तशीही झोप येत नाही, त्यांनी तिथेच खाट टाकावी.

आपली,
शालू