दम्याचा पंप कुठे मिळतो, हे आधी मोजा

स. न. वि. वि.

जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला आग लागली, तेव्हा चेंबूर-गोवंडीत खिडक्या उघडायची सोय नव्हती. तो धूर विरला, पण इथल्या मुलांचा दमा काही गेला नाही.

गेल्या थंडीत माझ्या नातवाला रात्री दम लागला. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता, सलग एक वाक्य बोलवत नव्हतं. सकाळी जवळच्या दवाखान्यात खोकल्याचं औषध मिळालं. पंप बाहेरून आणा म्हणाले. तो कसा ओढायचा, लहान मुलाला स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) का लावायचा, हे मला औषधाच्या दुकानदाराने समजावलं.

साल्ब्युटामॉल आणि ब्युडेसोनाइड ही पंपातून घ्यायची दोन्ही औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. पहिलं तात्पुरता आराम देतं. श्वासनलिकेची सूज आवरणारं दुसरं नियमित घ्यावं लागतं, आणि नेमकं तेच सुटतं.

पालिकेने वॉर्डावॉर्डांत पाहणी करावी. कुठल्या दवाखान्यात आज पंप शिल्लक आहे? श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारा पीक फ्लो मीटर आहे का? रात्री दोन वाजता नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ देणारं यंत्र, कुठे मिळेल? मुलाला धाप लागली तर काय करायचं, हे शाळेतल्या बाईंना कुणी शिकवलंय का? उत्तरं दवाखान्याच्या दारावर मराठी, हिंदी, उर्दूत लावा.

आणि ही पाहणी नुसत्या कागदपत्रांवरून नको. वस्तीतल्या आयांना विचारा. ‘पंपाची सवय लागते’ या धास्तीने कितीजणी तो कपाटात ठेवून देतात, हे त्याच सांगतील.

– एक आजी, चेंबूर