लढाईनंतरची शेहेचाळीस वर्षे

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

दरवर्षी ८ एप्रिल आला की परमवीर चक्र मिळालेले मेजर रामा राघोबा राणे यांची आठवण निघते. फोटो फिरतात, रणगाड्याखालून सरपटत गेलेल्या त्या अधिकाऱ्याची गोष्ट पुन्हा सांगितली जाते. सांगितलीच पाहिजे. पण ११ जुलै कोणाच्या ध्यानात नसतो. १९९४ साली त्या दिवशी ते पुण्याच्या लष्करी रुग्णालयात वारले. म्हणजे १९४८ च्या त्या लढाईनंतर हा माणूस शेहेचाळीस वर्षे जगला. नोकरी केली, लग्न केले, मुले वाढवली, म्हातारा झाला. त्या वर्षांविषयी आपल्याकडे कोणी काही विचारत नाही. हे एकट्या राण्यांच्याच वाट्याला आले असते तर मी लिहिले नसते. आमच्या सातारा जिल्ह्यात गावोगाव असे म्हातारे आहेत आणि त्यांतला एक माझ्या घरात आहे, म्हणून हे पत्र.

राण्यांचे घराणे कारवारजवळच्या चेंदियाचे. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे बदली होईल तिथे शाळा. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे सुरुंग काढणाऱ्या, रस्ते-पूल बांधणाऱ्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून सैन्य मागे येत असताना दारूगोळा आणि यंत्रसामग्री शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती उडवून देण्यासाठी त्यांच्या लोकांना मागे ठेवले होते. काम झाल्यावर त्यांना जहाजाने उचलायचे ठरले होते, ते जमले नाही. मग नदी ओलांडून, जपानी गस्त चुकवत, हे लोक आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. राणे हवालदार झाले ते या कामगिरीवर. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांना कमिशन मिळाले, म्हणजे ते अधिकारी झाले, आणि चारच महिन्यांत ते जम्मू-काश्मीरमधल्या नौशेरा-राजौरी रस्त्यावर होते.

त्या रस्त्यावर काय झाले ते सर्वांना थोडेफार ठाऊक आहे, तरी थोडे सविस्तर सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे. राजौरी शत्रूच्या ताब्यात होती. तिथे पोचायचे तर रणगाडे न्यायला हवे होते आणि रस्ता सुरुंगांनी आणि पाडलेल्या झाडांनी बंद होता. पहिल्याच दिवशी तोफगोळ्यांच्या माऱ्यात राण्यांच्या तुकडीतले दोन जवान गेले, पाच जखमी झाले, त्यात ते स्वतःही होते. मांडीला जखम घेऊन ते कामाला लागले. रणगाड्याच्या पोटाखाली राहायचे, त्याच्या चालीने सरकायचे, हातात दोन दोर: एक ओढला की चालकाने थांबायचे, दुसरा ओढला की पुढे घ्यायचे. असे करत त्यांनी वाट मोकळी केली. जिथे अडथळा हटत नव्हता तिथे बाजूने वळण काढले. ११ एप्रिलला सलग सतरा तास काम करून त्यांनी चिंगसपर्यंत वाट काढून दिली आणि १२ तारखेला आपले सैन्य राजौरीत शिरले.

आता पाहा, परमवीर चक्र हे देशातले सर्वोच्च युद्धपदक राण्यांना कशासाठी मिळाले? सुरुंग काढले, झाडे हटवली, मागच्यांना रस्ता करून दिला, यासाठी. शत्रूचे किती मारले हा हिशेब या पराक्रमाच्या केंद्रस्थानी नाहीच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

१९४७-४८ च्या त्या भारत-पाकिस्तान युद्धासाठी एकूण पाच परमवीर चक्रे दिली गेली. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पीरू सिंग यांना ती मरणोत्तर मिळाली. पदक छातीवर घेऊन जगले ते दोघेच, लान्स नाईक करम सिंग आणि राणे. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यानंतरही १९७१ पर्यंत त्यांनी पुनर्नियुक्तीवर काम केले. आज कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटाला त्यांचे नाव आहे. पण परमवीर चक्र मिळालेला माणूस सकाळी उठून रोजच्या आयुष्याला कसा सामोरा जात होता, घरात कसा वागत होता, त्याला रात्री झोप लागत होती का, मुलांना तो काय सांगत होता आणि काय सांगत नव्हता, हे शाळेच्या पुस्तकात कुठेही येत नाही.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, याच बॉम्बे सॅपर्सचे. खडकीला रंगरूट म्हणून गेले तेव्हा मिसरूडही फुटले नव्हते. नायब सुभेदार होऊन घरी आले. १९७१ ला पश्चिम सीमेवर होते, काम तेच, सुरुंग काढायचे. आता वय ऐंशीच्या पुढे, एका कानाने ऐकू येत नाही. त्यांची काळी पत्र्याची ट्रंक अजून माजघरात आहे, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा आणि नाव. रंग उडाला की ते स्वतः पुन्हा काढतात, बारीक ब्रशने, श्वास रोखून. अक्षराची एक रेषसुद्धा हलू देत नाहीत. मी लहान असताना विचारले होते, आबा, एवढे कशाला जपता? म्हणाले, सुरुंगाच्या कडेची माती अशीच काढावी लागते. त्यांच्या तोंडून लढाईबद्दल मी ऐकलेले सगळ्यांत लांब वाक्य हेच.

नातवंडे विचारतात, आबा, तुम्ही किती मारले? पोरांचा दोष नाही, त्यांना सगळीकडे तेच दाखवतात. आबा म्हणतात, आम्ही वाट करून द्यायचो रे. पोरांचा विरस होतो आणि ती खेळायला निघून जातात. तेव्हा मला राण्यांची गोष्ट त्यांना पुन्हा सांगावी लागते.

बाहेरच्यांना कळत नाही ते असे की शिपायाची फौजेतली नोकरी लवकर संपते. २०२२ पूर्वी भरती झालेल्यांना पंधरा वर्षे भरली की पेन्शन बसते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी गेलेला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो आणि नशिबाने साथ दिली तर पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगतो. म्हणजे फौजेतल्यापेक्षा दुप्पट-अडीचपट आयुष्य नंतरचे. या काळात तो बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभा राहतो, साखर कारखान्याच्या गेटवर बसतो, वाट्याला आलेली दीड-दोन एकर कसतो. ज्या मुलांना त्याने वर्षातून एकदा सुट्टीवर आल्यावर पाहिलेले असते, त्यांचा बाप व्हायला तो तेव्हा शिकतो. माझा धाकटा भाऊ आबा सुट्टीवर आले की आईच्या पदरामागे लपायचा आणि 'हा मिलिटरीवाला जाणार कधी?' असे विचारायचा. आबांनी त्याला कधी रागावले नाही. निवृत्त झाल्यावर त्याला रोज सायकलवरून शाळेत सोडायला लागले आणि तो कॉलेजात जाईपर्यंत त्या दोघांची अशी काही गट्टी जमली की आम्हा बहिणींना हेवा वाटावा. मला विचाराल तर आबांच्या आयुष्यातली मोठी कामगिरी ती आहे.

आणि आई. आबा सीमेवर असताना शेत तिने केले, सासू-सासऱ्यांचे दुखणे-खुपणे तिने काढले, सोसायटीचे कर्ज तिने फेडले. मनिऑर्डर आणि '५६ ए.पी.ओ.' हा लष्करी टपालाचा पत्ता लिहिलेले आंतरदेशीय पत्र, एवढाच नवऱ्याचा आधार. पत्रात जागेचे नाव लिहायची मनाई, त्यामुळे माणूस नेमका कुठे आहे हे तिला वर्षानुवर्षे माहीत नसायचे. धारातीर्थी पडलेल्या जवानाच्या पत्नीला आपण वीरपत्नी म्हणतो, मान देतो. तो द्यायलाच हवा, त्यात तसूभरही कमी नको. पण जिचा नवरा परत आला तिने जे सोसले, त्याची नोंद कोणत्याच कागदावर नाही.

आता माझे मागणे. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला आमच्याकडच्या शाळा माजी सैनिकांना बोलावतात, शाल-नारळ देतात, फोटो काढतात. बोलायला पाच मिनिटे देतात आणि पाच मिनिटांत म्हातारा माणूस घसा खाकरून खाली बसतो. त्याऐवजी एखाद्या वर्गाने पूर्ण एक दुपार त्यांच्या घरी जाऊन बसावे. मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करावा. लढाईचे विचारावेच, पण पहिली बदली, पहिली सुट्टी, घरून आलेले पत्र, निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष हेही विचारावे. घरातल्या बाईलाही तितकाच वेळ द्यावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद असतेच. त्या यादीवरून तालुकावार हे काम सहज हाती घेता येईल. ध्वनिमुद्रणे कार्यालयात आणि तालुक्याच्या वाचनालयात ठेवावीत. याला फार पैसा लागत नाही, चिकाटी लागते.

आणि घाई लागते. १९७१ मध्ये जो अठरा वर्षांचा होता तोही आज सत्तरीपार आहे. १९६५ चे ऐंशीला टेकले किंवा पुढे गेले, १९६२ चे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी आबांबरोबर मी जाते, तेव्हा रांगेतली ओळखीची माणसे दर खेपेस कमी झालेली असतात. राबून राबून बोटांच्या रेषा झिजल्यात, यंत्र ठसा घेत नाही, मग पुन्हा पुन्हा बोट पुसून लावायचे. हात थरथरत असतात आणि शेजारी उभा असलेला कोणी सोबती हळूच सांगतो, अमुक गेला हो मागच्या महिन्यात. त्या अमुकाने आसाममध्ये पूल बांधला होता की राजस्थानात पाइपलाइन टाकली होती, हे आता कोणाला विचारायचे?

आपले दैनिक गावागावांत पोचते. आठवड्यातून एक अर्धा स्तंभ आपण परत आलेल्या सैनिकांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या आठवणींना द्यावा, ही विनंती. सुरुवात येत्या ११ जुलैला झाली तर राण्यांच्या पुण्यतिथीचे औचित्यही साधेल. पहिली मुलाखत कोणाची घ्यावी असे विचाराल तर मी आईचे नाव सुचवीन. आबा चार वाक्यांत आटोपतील. आईला १९७१ चा डिसेंबर दिवसवार आठवतो, कोणत्या दिवशी कोणाच्या घरी तार आली इथपर्यंत, आणि तिच्याशी बोलायला आजवर कोणी आलेले नाही.

आपली विश्वासू,
एका सॅपरची मुलगी
कोरेगाव, जि. सातारा