तिबोटीसाठी कॅमेरा

पुणे,
८ नोव्हेंबर

प्रिय दोस्ता,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. उत्तराला उशीर केला तो मुद्दाम. 'सत्तर हजारांत पक्ष्यांचे फोटो काढता येतील असा कुठला कॅमेरा घेऊ?' या प्रश्नाला नुसतं एक नाव लिहून पाठवणं मला पटेना. पगाराच्या फरकाचा हप्ता काही दर महिन्याला हातात पडत नाही. शिवाय वहिनींनी ओट्याचं काम पुढच्या वर्षावर टाकून तुला हे पैसे घेऊ दिलेत. त्यातला एक रुपयाही वाया जायला नको, म्हणून दोन रविवार जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानांतून फिरून आलो आणि आता निवांत लिहायला बसलोय.

जूनमध्ये तू पाठवलेला तो फोटो मी अजून मोबाइलमध्ये जपून ठेवलाय. घरामागच्या पऱ्यावर (ओढ्यावर) वाकलेली फांदी, सगळीकडे हिरवा काळोख आणि मधोमध निळा-नारिंगी ठिपका. तो तिबोटी खंड्या आहे हे तू सांगितलंस म्हणून कळलं. पण त्याबरोबर तू लिहिलं होतंस, 'हा दर पावसाळ्यात माझ्या दारात येतो आणि मला त्याची तीन बोटंसुद्धा कुणाला दाखवता येत नाहीत.' ते वाक्य माझ्या मनात राहिलंय. म्हणून हा सगळा विचार मी त्या एका पक्ष्यापासून सुरू केला. तुझा कॅमेरा त्याला उतरला की बाकी सगळ्या पक्ष्यांना उतरला.

आधी थोडं गणित करू. तू शाळेत शिकवतोस तेच आहे, समरूप त्रिकोणांचं. तिबोटी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १३ सेंटीमीटर. तो तुझ्यापासून १० मीटरवर बसलाय असं धर. २५० मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या पट्टीवर) सव्वातीन मिलिमीटर पडते. आपण ज्या वर्गातला कॅमेरा बघतोय त्याचा सेन्सर २२ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो, म्हणजे पक्षी चौकटीच्या एक सप्तमांश. ४०० ची लेन्स लावलीस तर पाच मिलिमीटरच्या थोडं वर, जवळपास पाव चौकट. ६०० लावलीस तर एक तृतीयांशाहून जरा जास्त. आता दुसरी बाजू बघ. ४०० चीच लेन्स ठेवून १० ऐवजी ५ मीटरवर बसलास तर तो जवळजवळ अर्धी चौकट व्यापतो. जी किमया ६०० च्या लेन्सनेही होत नाही, ती पाच मीटर जवळ जाऊन होते. पक्ष्याला न बिचकवता जवळ बसता येणं हे या छंदातलं निम्मं भांडवल आहे, आणि ते तुझ्याकडे आहे. तू त्या पऱ्यावर लहानपणापासून बसतोयस.

आता लेन्सबद्दल. पैसे लेन्समध्ये घाल, कॅमेऱ्याच्या बॉडीत कमी घाल, हे मी अगदी ठामपणे सांगतो. बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी वाटायला लागते. चांगली लेन्स मात्र पंधरा वर्षंही साथ देते. दुकानदार तुला चकचकीत नवी बॉडी दाखवेल आणि बरोबर किटमधली छोटी लेन्स देईल. त्या जोडीने घरचे वाढदिवस छान निघतील. तिबोटी निघणार नाही.

तुझ्यासमोर खरे पर्याय तीनच. पहिला, कॅननची ५५-२५० एसटीएम किंवा निकॉनची डीएक्स ७०-३०० एएफ-पी. दोन्ही स्वस्त, दोन्ही अर्ध्या किलोच्या आत, आणि किमतीच्या मानाने खरोखर सुरेख. माझे पहिले दोन हिवाळे ५५-२५० वरच गेले आणि कवडीपाटला पाण्याच्या काठावर पोटावर आडवं पडून काढलेला शेकाट्याचा फोटो आजही भिंतीवर आहे. दुसरा टोकाचा पर्याय म्हणजे सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००. सगळे पक्षीवेडे शेवटी तिच्यापाशी येतात. मीही २०१८ साली सिग्माची घेतली. भिगवणला कुंभारगावच्या होडीत बसून रोहित टिपताना ती सोन्यासारखी वाटली. होडीच्या काठावर टेकवायची आणि बसायचं. पण ती जवळपास दोन किलोची आहे, बॉडीसकट पावणेतीन किलो. ताम्हिणीत चालायला गेलो त्या दिवशी खांदा भरून आला म्हणून मी ती गाडीत ठेवली आणि नेमका त्याच वाटेवर भृंगराज पाच मिनिटं डोक्यावर बसून होता. शेपटीच्या दोन लांब तारा वाऱ्यावर हलत होत्या. त्या दिवसाची हळहळ अजून गेलेली नाही. तू रोज शाळेच्या आधी तासभर खलाटीतून (सखल भातशेतांतून) आणि पऱ्याच्या कडेने चालतोस. जी लेन्स रोज खांद्याला अडकवावीशी वाटेल तीच घे.

म्हणून माझा कौल मधल्या पर्यायाला आहे, सिग्माची १००-४०० कंटेम्पररी. वजन १,१६० ग्रॅम. हात स्थिर ठेवणारी यंत्रणा आतच आहे. दीड मीटरच्या थोडं पलीकडे असलेल्या वस्तूवरही फोकस होतो, म्हणजे परसातल्या जास्वंदीवरचा शिंजीर आणि चतुरसुद्धा मिळतील. ४०० ला तिचं छिद्र एफ/६.३ असतं (एफचा आकडा जेवढा मोठा, तेवढं उजेड आत घेणारं छिद्र लहान). ही गोष्ट तुझ्या बाबतीत महत्त्वाची आहे, कारण जूनमधला तुझा पऱ्या म्हणजे ढगांखाली झाडी आणि झाडीखाली सावली. छिद्र एफ/५.६ वरून एफ/८ वर गेलं की उजेड बरोब्बर निम्मा होतो.

इथेच कॅननच्या नव्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) जोडीचं उत्तर येतं, ज्याबद्दल तू विचारलं होतंस. आरएफ १००-४०० ही लेन्स फक्त ६३५ ग्रॅमची, आणि आर५० किंवा आर१० या बॉडी पक्ष्याचा डोळा स्वतः शोधून त्यावर फोकस धरतात. उडत्या पक्ष्यांसाठी ही फार मोठी सोय आहे, मला स्वतःला मोह होतो. पण नवी जोडी लाखाच्या वर जाते आणि ४०० ला ती एफ/८ च देते. तुझं बजेट आणि तुझा उजेड, दोन्हींना ती आज जड जाईल. स्वस्त म्हणून कुणी आर१०० सुचवली तर घेऊ नकोस. तिच्यात पक्ष्यांचा डोळा ओळखणारी सोयच नाही.

तुमच्या शाळेतल्या सरांकडे ८३ पट झूमचा निकॉन पी९०० आहे म्हणालास. तो वाईट कॅमेरा अजिबात नाही. भर उन्हात खाडीपलीकडच्या सुरूच्या झाडावरचा समुद्री गरुड तो असा काही जवळ आणतो की आपली लेन्स बघत राहील. पण त्याचा सेन्सर आपल्या सेन्सरच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढा आहे. सावलीत गेलं की रंग विटतात आणि पिसांचा लगदा होतो. सरांकडून एका सकाळपुरता मागून घे आणि पऱ्यावर स्वतः बघ, मग तुझी खात्री पटेल.

बॉडी जुनी घे. कॅननची ८०डी किंवा निकॉनची डी७२००, दोन्हींत २४ मेगापिक्सेल, सेकंदाला सहा-सात फोटो. इथे फिरताना जे भाव ऐकले त्यावरून अशी बॉडी आणि जुनी १००-४०० मिळून तुझ्या सत्तर हजारांत किंवा फार तर दोन-चार हजार वर बसेल. नाहीच बसलं तर बॉडीबरोबर ५५-२५० घे आणि उरलेले पैसे बाजूला ठेव. ४०० पुढच्या दिवाळीला. निकॉनकडे वळलास तर एक लक्षात ठेव. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. कुणी स्वस्तात निकॉनची जुनी, स्वतःची मोटर नसलेली एएफ-डी लेन्स गळ्यात मारली तर तिचा ऑटोफोकस त्यांच्यावर चालणार नाही.

आता जी गोष्ट सांगायला हे पत्र मुख्यतः लिहिलं, ती. तीन वर्षांपूर्वी मी एकाकडून जुनी ४०० ची लेन्स घेतली. बाहेरून नवीकोरी, एक चरा नाही. माणूस गोड बोलणारा, 'घरातच असायची' म्हणाला. मी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली आरपार बघितलं आणि पैसे मोजले. घरी रात्री सहज मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने तिरका धरला आणि पोटात खड्डा पडला. आतल्या काचेच्या कडेपासून मध्यापर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते, मुळांसारखे फांद्या फुटलेले. बुरशी. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडून पुसली, पण बुरशीने काचेवरचा लेपच खाल्ला होता. उजेडासमोर धरली की आजही फोटोत धुरकट पांढरी झाक येते. त्या माणसाने नंतर फोन उचलला नाही.

म्हणून टॉर्च बरोबर असल्याशिवाय कुठलीही लेन्स घेऊ नकोस. दोन्ही बाजूंची झाकणं काढायची, छिद्र पूर्ण उघडं ठेवायचं, उजेड तिरका टाकायचा आणि काच हळूहळू फिरवत बघायची. धुळीचे दोन-चार कण दिसले तर सोडून दे, त्यांनी काही होत नाही. तंतू किंवा धुकं दिसलं तर लेन्स परत कर, मग ती कितीही स्वस्त असो. त्यानंतर झूम पुढे-मागे करून कुठे अडकतेय का पाहा. टेबलावर वर्तमानपत्र तिरकं ठेवून ४०० वर मधल्या ओळीचा फोटो काढ. फोकस त्याच ओळीवर पडला पाहिजे, पुढच्या किंवा मागच्या नाही. बॉडीचं शटर किती वेळा पडलंय तेही विचार. निकॉनच्या फोटो-फाइलमध्ये तो आकडा असतो, कॅननचा बघायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ८०डीचं शटर एक लाखांसाठी बनवलेलं आहे, डी७२०० चं दीड लाखासाठी. तीस-चाळीस हजार झाले असतील तर निर्धास्त घे.

आणि घेतल्यावर ती तुझ्या घरात, कोकणातल्या पावसाळ्यात राहणार आहे हे विसरू नकोस. ज्या हवेत पापड दुपारपर्यंत मऊ पडतो, त्या हवेत कपाटात ठेवलेली लेन्स दोन पावसाळ्यांत जाते. चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत ठेवायचीच नाही, पिशवी ओल धरून बसते. रबरी कडेचा हवाबंद डबा घे, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं काट्याचं यंत्र ठेव. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. वर चढायला लागला की पुड्या बदलायच्या. भिजून आलास तर आधी पुसून, पंख्याखाली तासभर वाळवून मगच डब्यात.

तिबोटी येईपर्यंत सात महिने आहेत, ते हाताला वळण लावण्यात जाऊ देत. भात कापून झालंय, खलाटीत आता वंचक आणि गायबगळे तासन् तास उभे असतील. पांढऱ्या बगळ्यावर कॅमेरा फसतो, पिसं नुसती चुन्यासारखी येतात. तेव्हा एक्स्पोजर (फोटोचा उजेड) पाऊण-एक पायरी खाली आण. आभाळासमोरच्या काळ्या कोतवालाला उलट एक पायरी वर. तारेवरचा वेडा राघू तर सरावासाठी देवानेच बसवलाय. माशी पकडायला झेप घेतो आणि पुन्हा त्याच जागी येतो, त्यामुळे तुला दुसरी, तिसरी, दहावी संधी मिळते. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंद ठेव, बसलेल्याला १/५०० पुरे. मेअखेरीला नवरंग ओरडायला लागेल, तोवर काळोखातला हातही बसलेला असेल. पऱ्यावर तुला १/२५०, एफ/६.३ आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ३२०० च्या आसपास काम करावं लागेल. आयएसओ वाढवायला घाबरू नकोस. दाणेदार फोटो चालतो, हललेला फोटो कुणी नीट करू शकत नाही. लेन्समधली यंत्रणा तुझ्या हाताचा थरार थांबवते, पक्ष्याने मान वळवली तर ती काही करू शकत नाही. म्हणून एकदम पाच-सात फोटो घ्यायचे, त्यातला एक स्थिर निघतो.

राहता राहिलं बीळ. तुझ्या पऱ्याच्या मातीच्या दरडीत तो घर करतो असं तू लिहिलंयस. नर-मादी आळीपाळीने सापसुरळ्या, बेडूक, खेकडे आणून पिल्लांना भरवतात. पण बिळात शिरण्याआधी ते समोरच्या फांदीवर बसून आजूबाजूला नजर टाकतात. तेवढ्यात माणूस दिसला तर चोचीतला घास घेऊन तिथेच ताटकळत राहतात आणि आत पिल्लं उपाशी. मी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय. दहा-बारा कॅमेरे दरडीसमोर अर्धवर्तुळात, आणि ती मादी पाऊण तास सापसुरळी चोचीत धरून. मी कॅमेरा बंद केला आणि उतरून आलो. त्या दिवसापासून मी बिळाचा फोटो काढत नाही. तू बिळापासून बऱ्याच खाली, जिथे तो मासे-खेकडे टिपायला येतो तिथे बस. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडोशाला जुनं हिरवं लुगडं बांध आणि आठवडाभर आधीपासून ते तसंच राहू दे, म्हणजे त्याला त्याची सवय होईल. आणि जागेचं नाव फोटोखाली लिहू नकोस.

डिसेंबरचा दुसरा शनिवार मोकळा ठेवलाय. शुक्रवारी रात्रीच्या एसटीने निघ, सकाळी स्वारगेटला घ्यायला येतो. दोन दुकानांत मिळून १००-४०० च्या तीन लेन्सी बघून ठेवल्या आहेत, त्यातली एक मला बरी वाटली, पण टॉर्च तुझ्या हातात देणार आहे. रविवारी पहाटे कवडीपाटला जाऊ. चक्रवाक आलेत.

वहिनींना नमस्कार सांग, आणि ओट्यासाठी कडाप्पा इथून स्वस्त पडतो का ते बघतोय असंही सांग.

तुझा,
जुना रूममेट